आधी धर्मकाटा, मग सामान: इंदुरातून पिकअपने सहकुटुंब मुक्कामी फिरायचं तर

सियागंजात, म्हणजे इंदूरच्या घाऊक बाजारात, यादी घेऊन शिरण्याआधी गाडीचं आरसी कार्ड काढा. त्यावर दोन आकडे असतात. एक गाडीचं रिकामं वजन, दुसरा माणसं आणि सामान धरून परवानगी असलेलं कमाल वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतं ते तुमचं भांडवल. तंबू, चूल, फ्रिज, पाणी, पोरं आणि आजी, सगळ्यांना त्यातच बसायचं आहे. पिकअप बाहेरून अवाढव्य दिसतो, म्हणून त्यात काहीही मावेल असं वाटतं. मावतंही. पण मावणं वेगळं आणि पेलणं वेगळं.

हिशेब असा मांडा. समजा रिकामं वजन १,९४० किलो आणि कमाल २,४५० किलो आहे. हाती आले ५१० किलो. दोन मोठी, दोन मुलं मिळून साधारण २०० किलो. राहिले ३१०. हौद्यावर, म्हणजे मागच्या उघड्या भागावर, फायबरची कॅनोपी (बंद टप) बसवली तर ६० गेले, राहिले २५०. तीन कॅन पाणी म्हणजे ६० किलो, राहिले १९०. फ्रिज, बॅटरी, चार्जर आणि फ्रिजमधलं सामान मिळून ५०, राहिले १४०. गॅससकट स्वयंपाकाचं सामान ३५, राहिले १०५. तंबू आणि अंथरूण-पांघरूण ४५, राहिले ६०. हत्यारं आणि रुतलेली गाडी काढायचं सामान ४०, राहिले २०. ते कपडे आणि मुलांच्या खेळण्यांत संपले. शिल्लक शून्य. यात लोखंडी बंपर नाही, विंच (रुतलेली गाडी ओढणारं दोराचं यंत्र) नाही, छतावरचा तंबू नाही, लाकडी खण नाहीत, दुसरी स्टेपनी नाही. व्हिडिओत दिसणाऱ्या गाड्यांवर हे सगळंच असतं, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या दोन माणसांच्या असतात.

कागदावरचा हिशेब पुरत नाही. देवास नाका किंवा लोहामंडीच्या बाजूला धर्मकाटे, म्हणजे अख्ख्या गाडीचं वजन करणारे काटे आहेत. टाकी पूर्ण भरून, सगळं सामान आणि सगळं कुटुंब बसवून गाडी काट्यावर चढवा. एक पावती पूर्ण गाडीची घ्या. मग गाडी पुढे घेऊन फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा आणि दुसरी पावती घ्या. ही दुसरी पावती जास्त बोलते. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत किंवा दाराजवळच्या पट्टीवर असते, आणि एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल ओव्हरलोड निघणं अगदी सर्रास घडतं. कारण हौद्याचा बराच भाग मागच्या चाकांच्याही मागे असतो. फाळक्यापाशी (हौद्याच्या मागच्या दारापाशी) ठेवलेला ५० किलोचा डबा मागच्या अ‍ॅक्सलवर ५० पेक्षा जास्त भार टाकतो आणि पुढची चाकं तेवढी हलकी करतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग तरंगतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक नीट धरत नाही आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मिस्त्री म्हणेल, "भिया, एक पाटा वाढवून देतो." मागच्या स्प्रिंगमध्ये एक जास्तीचा पाटा टाकल्यावर गाडीचं बसलेलं ढुंगण वर येतं हे खरं. पण आरसीवरचा आकडा बदलत नाही, ब्रेक तेच राहतात, अ‍ॅक्सल तोच राहतो. उलट सहलीवरून आल्यावर रिकामी गाडी राजवाड्याच्या गल्लीतही आदळत चालते. कायम १५०-२०० किलो हौद्यात राहणार असतील तरच पाट्यांना हात लावा.

गाडी अजून घ्यायची असेल तर दोन गोष्टी बघा. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांसारख्या दुहेरी केबिनच्या गाड्यांची खासगी नोंदणी होते, पांढरी पाटी मिळते. बोलेरो कॅम्पर किंवा एस-कॅब बहुतेक वेळा मालवाहू म्हणून नोंदलेली असते. पिवळी पाटी, फिटनेसची तपासणी आणि विम्याचं वेगळं गणित त्याच्यासोबत येतं. वजन पेलण्यात मात्र मालवाहू गाड्या खासगी गाड्यांच्या पुढे असतात, हे विसरू नका. चारही चाकांची ताकद हवीच का? मांडू, महेश्वर, हनुवंतिया, गांधीसागर इथपर्यंत डांबरी किंवा मुरमाचा रस्ता आहे. कुटुंबासोबतच्या फिरण्यात चांगले टायर आणि जमिनीपासूनची उंची जास्त उपयोगी पडते. फोर बाय फोर असेल तर उत्तम, पण केवळ त्यासाठी दोन-चार लाख जास्त घालणं आम्हाला पटत नाही.

काय बसवू नये

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे बंधन आणखी ठाम केलं. बुल बार, म्हणजे पुढे बसवतात त्या लोखंडी गार्डविरुद्ध तर केंद्राच्या रस्ते परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं. तेव्हा लोखंडी बंपर आणि त्यावर विंच हा बेत सोडून द्या. तसंही मालव्यात विंच अडकवायला झाड मिळालंच तर ते वनविभागाचं असतं. लोखंडी बंपरने ५० किलो पुढच्या चाकांवर येतात ते वेगळेच, आणि एअरबॅग कधी उघडायची याचा अंदाज चुकण्याची भीती असते.

नटबोल्टने बसणारी, काढता येणारी कॅनोपी ठीक. चासीला वेल्डिंग करून काहीही जोडू नका. ती उष्णतेने कमजोर होते आणि तडा नेमका वेल्डिंगच्या कडेला जातो. जे बसवाल त्याचं बिल ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

छतावरचा तंबू मुलांना भारी आवडतो. त्याचं वजन ५० ते ७५ किलो असतं आणि ते गाडीच्या सगळ्यात उंच जागी जातं. चालत्या गाडीच्या छताची मर्यादा अनेक गाड्यांत ५० ते १०० किलोच्या दरम्यान असते. उभ्या गाडीची मर्यादा याहून बरीच जास्त, म्हणून रात्री चार माणसं वर झोपली तरी छत बसत नाही. मुद्दा रात्रीचा नाहीच, दिवसाचा आहे. जाम गेटच्या घाटातल्या वळणांवर ७० किलो डोक्यावर घेतलेली गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. शिवाय चौघांना एका छतावरच्या तंबूत झोपणं म्हणजे लोकल डब्यातला प्रवास. लहान मुलाला रात्री दोनदा शिडीने उतरवावं लागतं, आणि सकाळी पोहे आणायला जायचं तरी आधी घर मोडावं लागतं. कुटुंबासाठी जमिनीवरचा तंबूच बरा.

टायर

एटी (ऑल-टेरेन, रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) जातीचे, कंपनीने दिलेल्याच मापाचे टायर घ्या. मोठं माप घातलं की वेगाचा काटा चुकतो, गिअर जड होतो आणि विम्याच्या दाव्यात प्रश्न उभा राहतो. बाजूला लिहिलेला भारांक बघा: १११ म्हणजे एका टायरला १,०९० किलो, ११२ म्हणजे १,१२०. मूळ टायरपेक्षा कमी भारांक चालणार नाही.

हवा दाराच्या पट्टीवर 'पूर्ण भार' या रकान्यात लिहिली असेल तेवढी, आणि सकाळी थंड टायरमध्ये. रिकाम्या गाडीची हवा ठेवून भरलेली गाडी निमाडात, म्हणजे खालच्या नर्मदेच्या खोऱ्यात, उतरवली तर टायरच्या बाजू वळवळतात, तापतात आणि फुटतात. मे महिन्यात खरगोन-खंडव्याकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो, तेव्हा रस्ता त्याहूनही तापलेला असतो. तापलेल्या टायरची वाढलेली हवा वाटेत सोडू नका.

नदीकाठच्या वाळूत उलटं. तिथे हवा १८ ते २० पीएसआयवर आणा, म्हणजे टायर लांब पसरतो आणि वाळूवर तरंगतो. त्यानंतर वेग ताशी ३० च्या आत आणि स्टिअरिंगला झटके नाहीत, नाहीतर टायर रिंगवरून उतरतो. परत डांबरावर येताच हवा भरायची, म्हणून १२ व्होल्टचा पंप गाडीत हवा. चांगला पंप २० ते ३० अँपिअर ओढतो. तो लायटरच्या सॉकेटला लावला की फ्यूज उडालाच समजा, थेट बॅटरीला चिमटे लावा आणि इंजिन चालू ठेवा.

आता काळी माती. मालव्याची रेगड भिजली की वाळूचा कोणताही नियम तिला लागू होत नाही. ती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि हवा कमी करूनही फारसा फरक पडत नाही. पावसानंतर एकच उपाय: त्यात जाऊ नका, आणि गेलात तर ऊन पडेपर्यंत थांबा. जमीन ओळखायला पीक बघा. सोयाबीन, गहू, कापूस दिसला की खाली रेगड असते. सागवान आणि पळस असलेला तांबूस, खड्याळ उतार मुरमाचा असतो. गाडी तिथे लावा.

रुतलेली गाडी काढायला लागतात ती साधनं थोडी आहेत: फावडं, ट्रॅक्शन बोर्डची (चाकाखाली सरकवायच्या खाचांच्या पट्ट्यांची) एक जोडी, ताणला जाणारा नायलॉनचा दोर आणि दोन शॅकल (पिन असलेली लोखंडी कडी). दोराची तुटण्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट, म्हणजे इथे सात टनांच्या आसपास. शॅकल ४.७५ टनी. पिन पूर्ण आवळून अर्धा आटा मागे घ्यायची, नाहीतर ओढल्यावर ती अडकून बसते. दोर फक्त चासीला बोल्टने बसवलेल्या ओढण्याच्या हुकालाच लावा. ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला कधीच नाही. ताणलेल्या दोराने तुटलेला गोळा तोफेच्या गोळ्यासारखा उडतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत. ओढताना मुलं दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला. घरातल्या जाड सतरंज्या दोराच्या मध्यावर टाका, तुटला तर झटका मंदावतो. उंच रॅक-जॅक घेऊ नका, तो सटकतो आणि हँडल जबड्यावर बसतं. साधा बॉटल जॅक, आणि त्याखाली एक फूट बाय एक फूट १८ मिमी प्लायचा तुकडा. तो नसेल तर काळ्या मातीत गाडी वर जात नाही, जॅकच खाली जातो.

हौदा कसा भरायचा

सुताराकडून खण करून घेण्याची हौस बहुतेकांना येते. १९ मिमी प्लायचा आठ बाय चार फुटी तक्ता ३६-३७ किलोचा असतो, १२ मिमीचा साधारण २३ किलोचा. खणांना दोन ते अडीच तक्ते लागतात, त्यावर लोखंडी चॅनेल. म्हणजे पाऊण क्विंटल लाकूड वाहायचं, सामान अजून ठेवलेलंच नाही. करायचेच असतील तर १२ मिमी, आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय वापरा. साधा कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात फुगतो आणि खण अडकतो.

त्याहून सोपं आणि हलकं: चोइथराम मंडीत भाजीसाठी वापरतात ते प्लॅस्टिकचे क्रेट. ६०० बाय ४०० मिमीचा क्रेट दीड-दोन किलोचा असतो, २० किलो सहज धरतो आणि घरातून गाडीपर्यंत एका माणसाला उचलता येतो. एक क्रेट चुलीचा, एक कोरड्या शिध्याचा, एक भांड्यांचा, एक हत्यारांचा, एक 'रस्त्यात लागेल'चा. झाकण नसतं ही एकच अडचण, त्यावर १२ मिमी प्लायचा तुकडा टाका. तोच पोळपाट ठेवायला टेबल होतो.

जड ते खाली आणि केबिनच्या भिंतीला चिकटून. पाण्याचे कॅन सर्वांत पुढे, त्यानंतर बॅटरी आणि हत्यारं, मध्ये स्वयंपाक, फाळक्यापाशी हलकी अंथरुणं. आधी पाहिजे ते वर, हा संसारी नियम इथे चालत नाही. आधी लागणारी ताडपत्री तेवढी फाळक्यापाशी ठेवा. सगळं २५ मिमीच्या रॅचेट पट्ट्यांनी हौद्याच्या लोखंडी कड्यांना बांधा. अर्ध्या तासाने एकदा थांबून पुन्हा आवळा, कारण सामान बसतं आणि पट्टा ढिला होतो. केबिनमध्ये मागच्या काचेपाशी काहीही सुटं नको. जोरात ब्रेक लागला की स्टीलचा डबा मुलाच्या डोक्यामागून येतो. आणि हौद्यात माणूस बसवायचा नाही, गावाच्या वेशीपर्यंतसुद्धा नाही.

धुळीचं एक कोडं आहे. कॅनोपी नीट बंद असूनही मुरमाच्या रस्त्यावर आत धुळीचा थर बसतो. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. फाळक्याच्या कडेने दाराला लावतात तशी पोकळ रबरी पट्टी चिकटवा आणि कॅनोपीची पुढची जाळी थोडी उघडी ठेवा, म्हणजे आतला दाब वाढतो. तरीही पीठ आणि अंथरुणं पिशवीत बांधूनच.

पाणी

माणशी रोज आठ लिटर धरा: चार पिण्याचे, चार स्वयंपाक, भांडी आणि तोंड-हात धुण्याचे. चौघांना दोन दिवसांना ६४. २० लिटरचे तीन कॅन आणि पुढे केबिनमध्ये बाटल्या, म्हणजे झालं. ६० लिटरची एकच टाकी बघायला सुबक, पण एक जोड फुटला की सगळं पाणी गेलं, आणि ती उचलून विहिरीपर्यंत नेता येत नाही. खाली तोटी असलेले कॅन टाळा. तोटी गाडीच्या हिसक्याने गळते, अंथरूण भिजल्यावरच कळतं. पारदर्शक कॅनमध्ये उन्हाने शेवाळ धरतं, निळा किंवा काळा अपारदर्शक घ्या. उन्हाळ्यात निमाडात उतरणार असाल तर माणशी दोन लिटर वाढवा आणि तेवढं वजन दुसरीकडून कमी करा.

चूल आणि गॅस

दोन रात्रींसाठी २३० ग्रॅमचे ब्यूटेनचे तीन डबे पुरतात, कारण एक बर्नर तासाला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम जाळतो. एक खोच: ब्यूटेन शून्य अंशाच्या जरा खाली उकळतं. मालव्यात जानेवारीच्या पहाटे पारा ५-६ वर येतो, तेव्हा डब्यात दाब उरत नाही आणि चहाला अर्धा तास लागतो. डबा रात्री पांघरुणात ठेवा. गरम करण्यासाठी दुसऱ्या चुलीवर धरू नका.

लांबच्या सहलीला ५ किलोचा सिलिंडर. तो उभाच आणि पट्ट्याने बांधलेला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर हौद्याच्या तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या पेटीच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवंच, वरची जाळी कामाची नाही. चालत्या गाडीत रेग्युलेटर काढलेला. बसवल्यावर साबणाच्या फेसाने तपासा. तंबूत किंवा बंद कॅनोपीत शेगडी किंवा कोळशाची सिगडी पेटवायची नाही, कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भांडी कमी: तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा, एक पातेलं. पहिल्या रात्री घरून आणलेलं खावं. सकाळी पोहे, त्यावर जीरावन (इंदुरी मसाला) आणि सेव, याला दहा मिनिटं आणि एक कढई लागते. दाल-बाफल्यांचा बेत गोवऱ्यांशिवाय होत नाही आणि गोवऱ्यांची आग तीन तास सांभाळावी लागते, तो शेतावरच्या मुक्कामासाठी ठेवा.

जंगलात विस्तव नको. वनविभाग आगीचा मोसम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतो, आणि राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. बीएस-६ डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, साठलेली काजळी जाळून साफ होत असताना सायलेन्सर फार तापतो. अशा वेळी वाळक्या गवतावर गाडी उभी केली तर विस्तव न लावताही आग लागते. दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, हौद्याच्या तळाशी नव्हे.

फ्रिज आणि वीज

दोन रात्रींना फ्रिज लागत नाही. ४० लिटरची बर्फपेटी आदल्या रात्री बर्फ टाकून गार करून ठेवा, निघताना तो काढून लादीचा अखंड तुकडा घाला. फोडलेला बर्फ लवकर वितळतो. दूध, दही, पनीर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिकतं. दिव्यांना आणि फोनला ३०० वॉट-अवरचा पोर्टेबल पॉवर स्टेशन पुष्कळ झाला. इथेच पहिल्या वर्षाचा ३० किलो आणि बराच पैसा वाचतो.

तीन रात्रींच्या पुढे जाणार असाल तर कॉम्प्रेसरचा फ्रिज. तो चालू असताना साधारण ४५ वॉट घेतो. मे महिन्यात अर्धा वेळ चालतो असं धरलं तर दिवसाला ५४० वॉट-अवर, हिवाळ्यात ३०० च्या आसपास. १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉट-अवरची, त्यातले साडेअकराशे वापरता येतात. म्हणजे उन्हाळ्यात दोन दिवस, हिवाळ्यात जवळजवळ चार. तिचं वजन १२-१३ किलो. तेवढ्याच क्षमतेची इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी ३० किलोच्या वर जाते आणि निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून बंद हौद्यात नकोच. लिथियम इंजिनच्या कप्प्यात ठेवू नका, तिला उष्णता सोसत नाही.

गाडीच्या बॅटरीपासून नुसती वायर टाकून दुसरी बॅटरी भरत नाही. बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर संगणकाच्या सांगण्यावरून व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. वायरची जाडी हा सगळ्यांत जास्त चुकणारा भाग. इंजिनपासून हौद्यापर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. २० अँपिअरला ४ चौरस मिमीची तांब्याची वायर ०.८७ व्होल्ट खाते, १० चौरस मिमीची ०.३५. बारा व्होल्टमधून पाऊण-एक व्होल्ट गेला की फ्रिज 'बॅटरी कमी' म्हणून बंद पडतो, आणि लोक बॅटरीला दोष देतात. १० चौरस मिमी घ्या. बॅटरीपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा फ्यूज बसवा, दोन्ही बॅटऱ्यांच्या बाजूला एकेक. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, नाहीतर इन्सुलेशन घासून शॉर्ट होतं आणि गाडी पेटते. जोड पिळून टेप लावलेला नको, लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून क्रिंप केलेला हवा.

१०० वॉटचा सपाट ठेवलेला सोलर पॅनेल मालव्याच्या स्वच्छ दिवशी ४०० वॉट-अवरच्या आसपास देतो. हिवाळ्यात फ्रिज त्यावर चालतो, मे महिन्यात नाही. श्रावणात त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

झोप

तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या खांद्याला खांदा लावून झोपणाऱ्यांची असते. चौघांना सहा जणांचा घ्या, तळ किमान तीन मीटर बाय तीन मीटर. बाहेरचं कापड २,००० ते ३,००० मिमी, तळ ५,००० मिमी जलरोधक, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब सोसणारं. सोबत येणाऱ्या तारेसारख्या मेखा घरीच ठेवा. मालव्यात मातीखाली वीतभरावर काळा खडक लागतो आणि त्या वाकतात. लोहामंडीतून १० मिमी सळईच्या ३० सेंटिमीटरच्या मेखा कापून वळवून आणा, आणि खडक लागलाच तर दोऱ्या गाडीच्या चाकाला किंवा मुरमाने भरलेल्या पोत्यांना बांधा.

स्लीपिंग बॅग ही गिर्यारोहकाची गरज आहे, कारण त्याला ती पाठीवर न्यायची असते. तुमच्याकडे हौदा आहे. रजई आणि गोधडी चालते, मुलांना परक्या जागी ओळखीचं पांघरूणच लवकर झोपवतं. खर्च करायचा तर खालच्या गादीवर करा. हवेची गादी नुसती टाकली तर आतली हवा रात्रभर पाठ गार करते. खाली १० मिमीचा बंद पेशींचा फोम, त्यावर सतरंजी, मग गादी.

तंबूची चेन दिवसाही बंद. मण्यार रात्री उबेला अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश कित्येकदा झोपेत कळतही नाही. बूट घालण्याआधी झटका. साप चावलाच तर करकचून दोरी बांधणं, चिरा देणं, शोषणं यांतलं काही नको. तो अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय, १०८ ला फोन. मुक्कामाच्या गावाजवळचं रुग्णालय निघण्याआधीच कागदावर लिहून घ्या, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, १५-२० सेंटिमीटर खोल खड्डा आणि नंतर माती. खडक लागला तर घडीचं कमोड, जाड पिशव्या आणि मातीऐवजी लाकडाचा भुसा. आडोशाला चार बांबू आणि एक जुनी साडी पुरते.

जागा

नर्मदेच्या पात्रात, वाळूच्या पट्टीवर किंवा बेटावर तंबू ठोकू नका. इथे पाऊस नसतानाही पाणी चढतं, कारण वर धरणं आहेत. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला इंदिरा सागरमधून सोडलेलं पाणी रात्री अचानक आलं आणि पन्नासहून अधिक यात्रेकरू बुडाले. तो भर उन्हाळा होता. पावसाळ्यात पाताळपाणी, चोरल अशा ओढ्यांनाही हाच नियम: आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वरच्या पठारावर पाऊस पडलेला असू शकतो. काठावरचा पुराच्या काडीकचऱ्याचा सर्वांत उंच थर शोधा आणि त्याच्या बऱ्याच वर मुक्काम करा.

सगळ्यांत निर्धोक जागा म्हणजे ओळखीच्याचं शेत किंवा पर्यटन विभागाचा परिसर. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात रात्री स्वतःहून मुक्काम करता येत नाही. शेतात थांबायचं तर दिवस असतानाच जाऊन विचारा, अंधारात हेडलाइट लावून शिरलेल्या गाडीचं कोणी स्वागत करत नाही.

पहिली रात्र चोरलच्या बाजूला, घरापासून तासा-दीड तासावर करा. भरलेली गाडी सिमरोलपुढच्या घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवा. इंदूर ५५० मीटरवर आणि महेश्वर त्याच्या जवळपास ४०० मीटर खाली, तेव्हा पुढच्या सहलीला याहून लांब उतार आहे. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून पेडल मऊ पडतं, आणि अडीच टनांची गाडी तेव्हा कोणाचं ऐकत नाही. घरी परतल्यावर प्रत्येक क्रेट रिकामा करताना न वापरलेली वस्तू बाजूला काढा. अग्निशामक, प्रथमोपचार, दोर आणि स्टेपनी वगळून बाकीची पुढच्या वेळी घरी राहील. मग पुन्हा धर्मकाट्यावर.